लहान डोमेन एक्सपायर झालंय? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत बसून लोकांच्या वेबसाइट आणि मेल सांभाळायला लागून बरीच वर्षं झाली, आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक फोन ठरलेला असतो. "दादा, आमचं डोमेन एक्सपायर झालंय, ते परत मोकळं कधी हुतंय?" हे 'मोकळं हुतंय' ऐकलं की माझं डोकं सणकतं. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव. ते लांबलचक असंल, कायतरी साई ट्रेडर्स कोल्हापूर छाप, तर होईल बाबा मोकळं, कुत्रं पण विचारणार नाही त्याला. पण दोन, तीन, चार अक्षरांचं असंल तर विसरा.

साधा हिशोब आहे. इंग्रजी अक्षरं २६. दोन अक्षरी नावं होतात ६७६, तीन अक्षरी १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६. डॉट कॉममधली ही सगळीच्या सगळी कधीच गेलीत. जगभरात लोक यावर टपून बसलेत, आणि आपण इथं तांबडा-पांढरा ओरपत म्हणतोय की बघू पुढच्या महिन्यात.

चूक पहिली : "पडू दे, मग स्वस्तात घेऊ"

२०२१ ची गोष्ट. चप्पल लाइनीतले एक काका, वडिलांपासूनचं दुकान, माल मुंबईला आणि थोडा बाहेरच्या देशात पण जातो. त्यांच्या मुलानं २००४ साली चार अक्षरी डॉट कॉम घेऊन ठेवलं होतं, आजोबांच्या नावावरनं. पोरगं पुढं पुण्याला गेलं, डोमेन मात्र कार्डावर दरवर्षी आपोआप रिन्यू होत राहिलं. मग त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नवा नियम लागू झाला आणि बाहेरच्या कंपन्यांची कार्डावरची कितीतरी पेमेंटं गपकन बंद पडली. यांचं पण पडलं. दसरा झाला आणि डोमेन एक्सपायर. मेल यायचे बंद झाले तर काकांना वाटलं पार्टी दिवाळीच्या गडबडीत असंल.

भाऊबीज झाल्यावर मला फोन. मी बघितलं, म्हटलं काका आत्ताच्या आत्ता भरा, हजार-बाराशेचं काम आहे, अजून नेहमीच्या रेटमध्येच मिळतंय. तर मागनं भाच्याचा आवाज, "मामा, कशाला बाराशे? नव्यानं घेतलं तर पयल्या वर्षाला ९९ ची ऑफर हाय. एक्सपायर झालंयच की, सुटू दे, मग घिऊ." आणि काकांनी ऐकलं की हो भाच्याचं! मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा गप बसलो, ही माझी चूक.

नोव्हेंबर संपता संपता परत फोन, साइटवर भलतंच कायतरी दिसतंय. रेकॉर्ड काढून बघितलं तर मालक बदललेला, पण नोंदणीची तारीख तीच, २००४. म्हणजे डोमेन सुटलंच नव्हतं. रजिस्ट्रारनं, म्हणजे ज्या कंपनीकडनं घेतलं होतं तिनंच, महिन्याभरात ते लिलावात काढलं आणि जिंकणाऱ्याच्या नावावर सरकवलं. नवा मालक साडेतीन हजार डॉलर मागत होता. काका म्हणाले, "एवढ्यात तर चपलांचा टेम्पो भरतो की रं."

शेवटी लांब नाव घेतलं. पण दुकानात सहा हजार खोकी छापून आलेली, सगळ्यांवर जुना पत्ता. मी गेलो तेव्हा काका, भाचा आणि दोन कामगार खाली पोतं अंथरून एकेका खोक्यावर स्टिकर चिकटवत बसलेले, आणि भाचा मान वर करून बघत नव्हता. स्टिकर जुन्या नावापेक्षा एक बोट आखूड छापून आला होता, त्यामुळं शेवटचं डॉट कॉम तसंच बाहेर दिसत होतं.

तर आता नीट समजून घ्या. डॉट कॉमची तारीख संपली की रजिस्ट्रारकडं साधारण ४५ दिवसांपर्यंतची मुदत असते. त्यातले किती दिवस तुम्हाला जुन्या रेटनं द्यायचे ते प्रत्येक रजिस्ट्रार आपापलं ठरवतो, ४५ दिवस तुमचा हक्क आहे असं अजिबात नाही. या मुदतीत रजिस्ट्रारनं नाव डिलीट केलं तर पुढं ३० दिवस रिडेम्पशन, तेव्हा मालकाला परत मिळतं पण जबर दंड भरून. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, तेव्हा ब्रह्मदेव आला तरी काही होत नाही. आणि मग नाव सुटतं. लोक नेटवर ही साखळी वाचतात आणि बोटं मोजत बसतात, ४५ अधिक ३० अधिक ५. पण लहान नावाच्या बाबतीत रजिस्ट्रार डिलीटपर्यंत जाऊच देत नाही, आधीच विकतो. ज्या गाईला गिऱ्हाईक दारात उभं आहे ती पांजरपोळात कोण सोडंल?

माझी सवय सांगतो. लहान नाव असलं की मी गिऱ्हाइकाला थेट १० वर्षं भरायला लावतो, डॉट कॉमला त्याच्यापुढं भरताच येत नाही. आणि लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडतात तेव्हा पहिल्याच पानावर श्री खाली डोमेनची तारीख लिहायला सांगतो. मोबाइलचा रिमाइंडर लोक स्वाइप करून टाकतात, वहीवर हळद-कुंकू पडतं त्यामुळं ती बघितली जाते.

चूक दुसरी : रात्री जागून रिफ्रेश मारत बसणे

समजा एखादं लहान नाव खरंच पेंडिंग डिलीटपर्यंत पोचलं. डॉट कॉमची नावं आपल्याकडच्या रात्री उशिरा सुटतात, आणि उत्साही पोरं लॅपटॉप घेऊन बसतात. अरे भावांनो, समोर ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स, नेमजेट असली सुटलेली नावं पकडणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडं रजिस्ट्रारची लायसन्सं ढिगानं, आणि प्रत्येकाची लाइन थेट व्हेरिसाइनच्या रजिस्ट्रीला, म्हणजे डॉट कॉमच्या मुख्य नोंदवहीला जोडलेली. नाव सुटल्याबरोबर सेकंदाच्या आत त्यांचे हजारो हात पडतात. तुम्ही बटण दाबताय दुकानाच्या वेबसाइटवर, ते बसलेत गोदामात. घ्यायचंच असंल तर त्यांच्याकडंच आधी बॅकऑर्डर, म्हणजे आगाऊ मागणी लावा, बहुतेक ठिकाणी नाव मिळालं तरच पैसे कापतात, आणि एकापेक्षा जास्त गिऱ्हाइकं असली की पुन्हा लिलाव होणार हे धरून चाला. झटपट शॉर्टकट शोधणाऱ्यांना हे आवडत नाही, पण माझा इलाज नाही.

चूक तिसरी : त्याच डोमेनचा ईमेल

ही माझी सगळ्यात नावडती. डोमेनच्या खात्यात ईमेल कुठला दिलाय, तर त्याच डोमेनचा! म्हणजे घराची किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यायचं. आयकॅन, म्हणजे डोमेन नावांचा कारभार बघणारी जागतिक संस्था, तिचा नियम आहे की रजिस्ट्रारनं तारखेच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना द्यायची आणि संपल्यावर ५ दिवसांत आणखी एक. ती तिसरी जाणार कुठं? बंद पडलेल्या मेलवर. वर साइट पण बंद होते, ती मुद्दाम, डिलीट करायच्या आधी किमान ८ दिवस, मालकाला जाग यावी म्हणून. पण ज्याची साइट कोणीच उघडत नाही त्याला जाग येणार कशी.

याच्याच शेजारची चूक म्हणजे डोमेन वेबसाइट करणाऱ्या पोराच्या नावावर. पोरगं दुबईला गेलं की संपलं. कागदावर मालक तोच. मी पण हे काम करतो, तरी सांगतो, माझ्या नावावर सुद्धा ठेवू नका.

आता बाकीच्या फुटकळ, पटापट.

नव्या शेपट्या, डॉट क्लब वगैरे. तिथं लहान नाव साध्या रेटनं मिळालं असंल तर सोडू नका. सुटून परत घ्यायला गेला की ती नवी नोंदणी धरतात, आणि रजिस्ट्रीनं तोवर नाव प्रीमियममध्ये, म्हणजे महागड्या यादीत टाकलं असंल तर बऱ्याच ठिकाणी दरवर्षीच तो रेट. डॉट कॉममध्ये ही भानगड नाही.

सगळ्या देशांना डॉट कॉमचंच गणित लावू नका. नेदरलँड्सच्या डॉट एनएलला ४० दिवसांचं क्वारंटाइन असतं, म्हणजे तोवर नाव मोकळं होत नाही, तर जर्मनीत ऑक्टोबर २००९ पर्यंत दोन अक्षरी नाव नव्यानं मिळतच नव्हतं, फोक्सवॅगन कोर्टात गेली तेव्हा दार उघडलं.

एक अक्षरी डॉट कॉमची वाट बघणारे पण भेटलेत मला! १९९३ च्या शेवटी कॉम, नेट आणि ऑर्गमधली ती सगळी राखीव झाली, आधी घेतलेली फक्त सहा उरली: क्यू, एक्स आणि झेड डॉट कॉम, आय आणि क्यू डॉट नेट, आणि एक्स डॉट ऑर्ग. त्यातलं झेड २०१४ मध्ये जपानच्या जीएमओनं ६८ लाख डॉलरला घेतलं. चला पुढं.

एक्सपायर झालेलं डोमेन घाईनं दुसऱ्या रजिस्ट्रारकडं हलवणे. आधी जिथं आहे तिथं रिन्यू करा आणि ४५ दिवस थांबा, लगेच हलवलं तर भरलेलं वर्ष वाया जाऊ शकतं. रिडेम्पशनमध्ये तर हलतच नाही, परत मिळवायचं ते जुन्याच रजिस्ट्रारकडनं.

"केस टाकतो" म्हणणारे. ट्रेडमार्क असंल आणि समोरच्यानं खोडसाळपणे घेतलंय हे दाखवता आलं तर यूडीआरपीत, म्हणजे डोमेनच्या भांडणांसाठीच्या तक्रार प्रक्रियेत दाद मागता येते, डॉट इनला तशीच आयएनडीआरपी आहे. पण तीन-चार अक्षरं जगात पन्नास कंपन्यांची आद्याक्षरं असतात, तुमचंच कसं हे पटवताना घाम फुटतो. काकांचा ट्रेडमार्क नोंदवलेलाच नव्हता, त्यामुळं आमचं ते बोलणं चहा संपायच्या आत संपलं.

आत्ता ज्यांचं अडकलंय त्यांनी एवढं करा, डोमेनची नोंद (हूइज किंवा त्याच्या जागी आलेलं आरडीएपी लुकअप) उघडून स्टेटस बघा. ऑटो रिन्यू पिरियड दिसत असंल तर हे वाचायचं सोडा आणि पैसे भरा. रिडेम्पशन पिरियड असंल तर रजिस्ट्रारला फोन लावा, दंडात घासाघीस होत नाही, मी करून बघितलीय. पेंडिंग डिलीट असंल तर बॅकऑर्डर लावा आणि झोपा, रात्री बाराला मला फोन करू नका.