घरी डिस्क ब्रेक अपग्रेड करताय? आधी हबचा गंज काढा

ब्रेक अपग्रेड म्हटलं की लोक भोकं पाडलेल्या डिस्क आणि लाल कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) शोधायला लागतात. दोन्ही विसरा. रोजच्या गाडीला त्या भोकांचा उपयोग दिसण्यापुरता. तापून-निवून डिस्कला तडे जायला सुरुवात तिथूनच होते. मोठी डिस्क घ्यायची तर रिम, कॅलिपर, एबीएस सगळ्याचंच गणित हलतं, ते दारात करायचं काम नव्हे. सपाट रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबणार हे बरंचसं टायरवर असतं. चांगल्या ब्रेकची किंमत कळते ती गोव्याकडे चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना, डिस्क तापल्यावर. त्यासाठी कंपनीच्याच मापाच्या चांगल्या डिस्क, चांगले पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल एवढं पुरे. बदलायचं ते दोन्ही बाजूंचं एकदम.

जॅक, स्टँड, पाने, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) जवळ आहेत असं धरतो. फक्त गाडी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर टेकवू नका. आपल्याकडे अंगणात उरलेले चार चिरे पडलेलेच असतात, हात सहज तिकडे जातो. चिरा फुटताना आधी सांगत नाही. स्टँडच वापरा, तोही काँक्रीटवर. पावसाने भिजलेल्या मातीत त्याचे पाय रुततात.

चाक काढा, कॅलिपर सोडून तारेने वर बांधा (ऑइलच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका), त्याचं ब्रॅकेट काढा. डिस्क चिकटली असेल तर हातोडा घेण्याआधी तिच्या टोपीवर, म्हणजे मधल्या उंच भागावर, आटे असलेली दोन भोकं आहेत का बघा. बऱ्याच गाड्यांत असतात. त्यांत मापाचे बोल्ट, बहुधा ८ मिमीचे, आलटून-पालटून आवळत गेलात की डिस्क सुटते.

आता खरं काम. डिस्क निघाली की मागे हबचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) सपाट भाग दिसतो, ज्यावर ती टेकते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तिथं गंजाचे पापुद्रे धरलेले असतात. मालक जहाजावर आणि गाडी अख्खा पावसाळा दारात, अशी असेल तर विचारूच नका. घाईत काम करणारे यावर एकदा फडकं फिरवतात आणि नवी डिस्क चढवतात. गाडी त्या दिवशी छान चालते. काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरायला लागतं, आणि गिऱ्हाइकाला उत्तर मिळतं: डिस्क वाकली, हलका माल होता.

डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसते. हबच्या एका बाजूला ०.०५ मिमी गंज राहिला, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्मा, की डिस्क तिरकी बसते आणि तिच्या कडेला ती चूक जवळजवळ दुप्पट होते. मग ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्याला पॅड तिच्या एकाच जागी घासतो. ती जागा हळूहळू झिजते, जाडी कमी-जास्त होते आणि पायाखाली पेडल नाचू लागतं. अशा वेळी पुन्हा नवी डिस्क घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गंज आहे तिथंच आहे.

तेव्हा इथं घाई नाही. नुसत्या वायर ब्रशने भागत नाही, चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या मुळाशी तो पोचतच नाही आणि खरा गंज तिथंच असतो. ड्रिलला लावून स्टडवर चढवायचं गोल हब क्लीनर मिळतं, ते घ्या. नंतर लाकडाच्या सपाट तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासा. अँगल ग्राइंडर हबला लावू नका. गंजाबरोबर लोखंडही उडतं आणि तो खड्डा भरता येत नाही. हबच्या मधल्या उंच गोल कडेचा गंज आणि जुनीच डिस्क परत लावत असाल तर तिच्या टोपीची आतली बाजूही साफ करा. शेवटी नख फिरवून बघा, कुठंही अडकता कामा नये. सपाट भागावर ग्रीस नको. मधल्या कडेवर अँटी-सीझचा (भाग गंजून चिकटू न देणारी पेस्ट) पुसट हात पुरे. आणि साफ केल्याबरोबर डिस्क चढवा. जुलैत रात्रभर उघडा ठेवलेला हब सकाळी पुन्हा तांबूस दिसतो.

डिस्क चढवली की लगेच एक नट लावून दाबून ठेवा. नाहीतर कॅलिपर बसवताना ती कलते, फटीत गंजाची कपची पडते आणि सगळी मेहनत वाया. मग वॉशर घालून सगळे नट आवळा, डायल गेज लावा आणि डिस्क हाताने फिरवून ती किती डगमगते ते मोजा. डगमगण्याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, बऱ्याच गाड्यांत ०.०५ ते ०.१ मिमी. जास्त आलं तर डिस्क काढून एक स्टड पुढे फिरवून बसवा आणि परत मोजा. एवढ्यानेही पुष्कळदा काम होतं. डायल गेज नसेल तर उसना आणा, पण मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाकीचं सोपं. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपरच्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिस्टन हळूहळू आत ढकला, टाकीतून ऑइल वर येत नाही ना याकडे लक्ष ठेवून. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता. जुनं ऑइल काढून नवं सीलबंद बाटलीतलंच भरा: ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओलावा शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. गेल्या वर्षीची उघडी बाटली आपल्या हवेत कामाची राहत नाही. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला पेडलवर माणूस बसवा, क्रम मॅन्युअलप्रमाणे. बोल्ट त्यातल्याच टॉर्कवर.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करा. पहिल्या दाबाला ते थेट तळाला जाऊ शकतं, आणि दारासमोर उतार असेल तर पुढे कंपाउंडची भिंत असते.

नवे पॅड डिस्कशी जुळून यायला रविवारी पहाटेचा रिकामा रस्ता गाठा. ताशी ६० किलोमीटरवरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मग थोडा वेळ ब्रेक न लावता चालवून डिस्क निवू द्या. तापलेली असताना पेडल दाबून उभे राहू नका. ५० किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने बघा.