बेटांवरच्या अजब प्राण्यांच्या डॉक्युमेंटरी झोप न येता कशा बघायच्या

आमच्याकडे रात्री साडेनऊला सासऱ्यांच्या बातम्या संपतात आणि मग रिमोट माझ्याकडे येतो, म्हणजे मी घेतेच, आणि गेली दोन-तीन वर्षं मला बेटांवरच्या प्राण्यांचं वेड लागलंय. वाघ-सिंह ठीक आहेत हो, पण बेटावरचं प्रकरणच वेगळं असतं. बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी म्हणाल्या की अगं आम्ही पण लावतो पण दहा मिनिटांत डोळे मिटतात, तर हे त्यांच्यासाठी.

आधी टीव्ही नीट करा. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वर असेल तर बदला, नाहीतर प्रत्येक पक्षी रेडियमचा स्टिकर लावल्यासारखा दिसतो. मोशन स्मूदिंग किंवा तशा नावाचं जे काही असेल ते बंद करा, त्याने चांगलं शूटिंगसुद्धा डेली सोपसारखं गुळगुळीत होतं. ट्यूबलाइट बंद. हिंदी डबिंग कानाला लागत असेल तर ऑडिओ बदलून बघा, पण घरात लहान-मोठी मंडळी असतील तर हिंदीच बरं, कारण ‘आता काय म्हणाला’ हे दर मिनिटाला सांगत बसलात तर तुमचं बघणं गेलं.

आता खरी युक्ती. प्ले दाबायच्या आधी मोबाइलवर ते बेट शोधा आणि झूम आउट करत जा, दुसरी मोठी जमीन दिसेपर्यंत. गॅलापागोस टाकून बघा, इक्वाडोरचा किनारा तिथून जवळजवळ हजार किलोमीटर, तोवर नुसतं निळं. हे एकदा केलं की प्रोग्राम बघताना डोक्यात आपोआप येतं, की हा प्राणी इथे आला कसा?

गंमत म्हणजे आपण ठाणेकर पण बेटावरच राहतो, साष्टी बेटावर, कळवा पुलावरून खाडी ओलांडली की मग मुख्य जमीन. मग येऊरच्या जंगलात एखादा जगावेगळा प्राणी का नाही? बिबट्या आहे, पण तो तर पलीकडेही आहे. कारण खाडी केवढीशी, येणं-जाणं चालूच. वेगळं काही व्हायला मध्ये भरपूर समुद्र लागतो आणि भरपूर काळ लागतो. मादागास्कर भारतापासून सुटं झालं त्याला सुमारे नऊ कोटी वर्षं झाली, आज लेमूर, म्हणजे माकडांचे लांबचे भाऊबंद, तिथले आणि लेमूरची शिकार करणारा फोसाही तिथलाच, दोघंही आपणहून दुसरीकडे कुठेच नाहीत. फोसा पहिल्यांदा दिसला तर मांजर वाटेल, पण नातं मुंगसाशी जवळचं.

दुसरं, बघताना मनात एकच प्रश्न धरून ठेवा: इथे कोण नाहीये? कॅमेरा जे आहे ते दाखवतो, पण बेटाची गोष्ट जे नाही त्यात असते. कोमोडो ड्रॅगन म्हणजे घोरपडीच्याच घराण्यातला, फक्त तीन मीटरपर्यंत वाढणारा. इंडोनेशियाच्या त्या बेटांवर वाघ-बिबट्या नाहीत, त्यामुळे हरणाची शिकार करायचं काम हा करतो. मॉरिशसवर जमिनीवरून शिकार करणारं कोणी नव्हतं, म्हणून डोडो न उडता मजेत फिरायचा, आणि मग माणूस आला, सोबत उंदीर, डुकरं आली, सतराव्या शतकातच डोडो संपला. डोडो कबुतराच्या कुळातला, बरं का. आज जिवंत असलेला त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे निकोबारी कबूतर, आपल्याच अंदमान-निकोबारमध्ये आहे. हे सांगितल्यावर सासरे बाल्कनीच्या जाळीकडे बघून म्हणाले, याला पण उडायला विसरायला लाव. (जाळीला पैसे त्यांनीच भरलेत.)

तिसरं, शक्य असेल तर पाण्याशी संबंध आलेल्या माणसाबरोबर बघा. माझ्या मैत्रिणीचे वडील ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातले, एकदा ते आलेले असताना ख्रिसमस बेटाचे लाल खेकडे लागले होते. पाऊस सुरू झाला की तिथे कोट्यवधी खेकडे जंगलातून समुद्राकडे चालत निघतात, रस्ते बंद ठेवतात, त्यांच्यासाठी पूल बांधलेत. काका आधी नुसतेच म्हणत होते, एवढ्या चिंबोऱ्या! मग निवेदक म्हणाला की माद्या अंडी सोडतात ती चंद्र शेवटच्या पावात असताना, पहाटेच्या आधी, भरती उतरायला लागली की. काका म्हणाले, म्हंजे वद्य अष्टमी, म्हंजे भांगाला. आणि का ते पण सांगितलं, उधाणाला पाणी लय पुढे-मागे होतं, भांगाला भरती-ओहोटीत फरक कमी. मी नंतर वाचलं तर कारण तेच दिलेलं, की पाण्याच्या पातळीत फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा. इतक्या वेळा तो सीन बघूनही मला हे दिसलं नव्हतं.

चौथं, हे सगळं एडिट केलेलं असतं हे लक्षात ठेवा, पण त्यावरून रुसू नका. बीबीसीच्या प्लॅनेट अर्थ टू मध्ये, २०१६ चं, सापांच्या झुंडीतून पळणारं समुद्री इग्वानाचं, म्हणजे गॅलापागोसच्या मोठ्या सरड्याचं, पिल्लू सगळ्यांनी बघितलंय. ते एकच पिल्लू नाही, वेगवेगळ्या पिल्लांचे शॉट जोडलेत, हे बनवणाऱ्यांनीच नंतर सांगितलं. बारीक आवाजही बरेचदा स्टुडिओत करतात. मला तर हे कळल्यावर अजून मजा यायला लागली, आता मी दुसऱ्यांदा बघताना कट कुठे आहे ते शोधते. साप खरे, पिल्लं खरी, धावणं खरं. आणि शेवटची ‘हे कसं शूट केलं’वाली दहा मिनिटं सोडून उठू नका, कधीकधी तीच जास्त भारी असतात, त्या भागात तर टीम ज्वालामुखीच्या बेटावर पेंग्विनसाठी उतरलीय.

मुलांसोबत बघत असाल तर शिकार आली की चॅनल बदलू नका, माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला साप नाही, तर मोठा इग्वाना नाकातून खारट पाणी फुर्रकन उडवतो तेच लक्षात राहिलं, घरभर तेच चालू होतं दोन दिवस.

एका रात्री एकच भाग. सलग तीन बघितले की सगळी बेटं एकमेकांत मिसळतात आणि तुम्ही म्हणाल, तो पोपट कुठला गं?

तो पोपट न्यूझीलंडचा, काकापो. वटवाघळं सोडली तर तिथे मूळचे जमिनीवरचे सस्तन प्राणीच नव्हते, धोका असायचा तो वरून झडपणाऱ्या पक्ष्यांचा, म्हणून घाबरला की हा जागच्या जागी थिजतो. बाहेरून मांजरं आली, ती वासावरून शोधतात, त्यांच्यापुढे थिजून काय उपयोग? १९९५ साली ५१ उरले होते, २०२२ मध्ये अडीचशेच्या वर गेले, तेसुद्धा मांजरं-उंदीर काढून टाकलेल्या बेटांवर नेऊन ठेवल्यामुळे. हा भाग मात्र टीव्हीच्या स्पीकरवर बघू नका. नर रात्रभर जमिनीतल्या खळग्यात बसून हाक देतो ती इतकी खर्जातली असते, की पातळ टीव्हीतून जेमतेम ऐकू येते, तुम्हाला वाटेल पक्षी नुसताच फुगतोय. गणपतीत गाण्यांसाठी काढता तो मोठा ब्लूटूथ स्पीकर जोडा, आणि खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा.