एरेटरला हात लावण्याआधीची तयारी

शेततळ्यातला एरेटर (पाती फिरवून पाण्यात हवा मिसळणारं मशीन) बंद पडला, घुरघुरायला लागला, सारखा ट्रिप होतोय म्हणून पाना घेऊन निघाला असाल तर आधी स्टार्टरचं ऑटो (मोटार आपोआप सुरू करणारं यंत्र) बंद करा. लाल बटण दाबलं की मोटार थांबते, पण ऑटो चालूच राहतं. लाईट जाऊन परत आली की ते स्वतःच स्टार्टर ओढतं आणि पाती फिरायला लागतात. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. पात्यांत गुंतलेला दोर भाऊ सोडवत होता आणि लाईट आली. म्हणून ऑटो बंद, मेन स्विच खाली, आणि तिन्ही फ्यूजच्या ग्रिपा काढून जो माणूस तळ्यात हात घालणार त्याच्याच खिशात. पेटीवर ठेवायच्या नाहीत, दुसऱ्याकडे द्यायच्या नाहीत. मोबाईल स्टार्टर असेल तर घरी सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी तिकडून फोन लावून मोटार सुरू करेल.

काम दुपारीच काढा. मासळीला ऑक्सिजन सगळ्यात कमी पडतो तो पहाटे. रात्रभर मासे आणि शेवाळ दोघंही तो वापरतात आणि ऊन पडेपर्यंत नवा तयार होत नाही. संध्याकाळी गिअरबॉक्स उघडला आणि सील मिळालं नाही, तर पहाटे कटला मासा तोंड वर काढून गटागटा हवा घेताना दिसेल. आभाळ भरलं असेल तर दुपारचाही भरवसा नाही. अशा दिवशी मशीन अगदीच बंद असेल तरच उघडा. दुरुस्तीच्या दिवशी खाद्य बंद ठेवा. एक डिझेल पंप तयार ठेवा, तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून परत तळ्यात फवारता आलं पाहिजे. पंप आदल्या दिवशी सुरू करून बघा, डिझेलसकट.

माणसं दोन हवीत. प्लास्टिकचा कागद घातलेल्या तळ्याचा उतार शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. गाठी मारलेला दोर काठावर पक्का बांधून आत सोडा, हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवा. मशीन दोराने ओढून काठाला घ्या, केबल धरून कधीच नाही. केबलला ओढ बसली की जॉइंट सैल होतो, त्यात पाणी शिरतं, आणि मग ईएलसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) का पडतोय हे शोधत बसावं लागतं.

पाने, पक्कड, टेस्टर सगळ्यांकडे असतं. मल्टिमीटर मात्र आठवणीने न्या, कारण टेस्टर तिन्ही ठिकाणी पेटला म्हणजे तिन्ही फेज ठीक आहेत असं नव्हे. हे मोजमाप मशीन उघडण्याआधी करायचं, फेज-फेजमध्ये तीनदा, सगळे काठावर असताना, आणि झालं की ग्रिपा लगेच परत खिशात. एक फेज गेला असेल तर मोटार नुसती घुं घुं करते, फिरत नाही. अशा वेळी हिरवं बटण दाबून धरू नका, वाइंडिंग जळेल. तिन्ही फेज येत असतील आणि ओव्हरलोड (मोटारवर जास्त भार आला की ती बंद करणारा रिले) पडत असेल तर आधी शाफ्ट बघा. गवत, जाळ्याचा तुकडा, फाटक्या कागदाची पट्टी गुंडाळलेली सापडते. तेही नसेल तर व्होल्टेज कमी असेल किंवा लांबवरून ओढलेली केबल बारीक पडत असेल. ईएलसीबी पडत असेल तर दोष केबलच्या जॉइंटमध्ये किंवा मोटारच्या टर्मिनल पेटीत शोधा. ईएलसीबी बायपास करून एरेटर चालवणारे लोक आहेत. पाण्यात करंट उतरला तर काय होईल हे त्यांना कोणीतरी बजावून सांगायला हवं.

वायरी सोडण्याआधी फोटो काढा, आणि पाती कोणत्या बाजूला फिरतात त्याचा बाण ऑइलपेंटने गिअरबॉक्सवर काढा. जोडताना दोन फेज अदलाबदल झाले तर पाती उलटी फिरतात. मशीन चालू दिसतं, पण हवा नीट मिसळत नाही. कोणतेही दोन फेज बदलले की दिशा सुलटते. ते बदलतानाही ऑटो बंद आणि ग्रिपा खिशात. एवढं दोन मिनिटांचं काम म्हणून ते टाळलं जातं, म्हणून पुन्हा लिहितोय.

गिअरबॉक्समधून आवाज येत असेल तर ऑइलचा नट सोडून बघा. ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर पाणी आत गेलंय, म्हणजे सील गेलंय. नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. जुनं सील आणि बेअरिंग काढून दुकानात घेऊन जा, दोन्हींवर नंबर असतो. अंदाजाने आणलेलं बसत नाही. दुकान तालुक्याला असेल तर शक्यतो आठवडाभर आधीच एक जोड घरात आणून ठेवा.

मशीन एका बाजूला कलत असेल तर फ्लोट हलवून बघा, पाणी डुचमळलं तर तडा गेलाय. तुटलेलं पातं लगेच बदला, तोल जाऊन बेअरिंग जातं. वायरमन येणार असेल तर मेगर (वाइंडिंग आणि केबलचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) आणायला सांगा.

जोडून झालं की सगळे काठावर, मग ग्रिपा, मग मेन. बाण बघा. अॅम्पिअर मोजा, नेमप्लेटच्या आत हवेत; 2 एचपीच्या थ्री फेज मोटारला साधारण 3 ते 3.5. दहा मिनिटं चालू द्या, केबल गरम होते का बघा. ऑटो सगळ्यात शेवटी, तेही कोणी पाण्याजवळ नाही हे स्वतः पाहून. जळकं ऑइल डब्यात भरून वर न्या, तळ्यात थेंबही जायला नको.