सिक्लेडीज: बोली आणि बेटं, दोन्हीकडे या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत रविवारचे पोहे-जलेबी आटोपले की हल्ली पत्त्यांबरोबर मोठे बोर्डगेमही निघतात. त्यात सिक्लेडीज निघाला की वादावादी ठरलेली. ब्रूनो कॅथाला आणि लुडोविक मोब्लाँ यांचा हा 2009 चा खेळ. ग्रीसच्या बेटांवर दोन ते पाच खेळाडू दर फेरीत बोली लावून देवांना सोनं वाहतात, आणि ज्याचा देव त्याचं बळ. फेरीच्या शेवटी दोन महानगरं असली की जिंकलात. माझं मत विचाराल तर बहुतेक चुकांचं मूळ एकच: याला लढाईचा खेळ समजणं. हा पैशाचा खेळ आहे, लढाई अधूनमधून होते.

पहिला घोटाळा बोलीतच. एरीसवर, म्हणजे युद्धाच्या देवावर, तुम्ही 2 नाणी लावली, कुणी 3 केली. तुम्ही लगेच 4 म्हणता, कारण चोइथराम मंडीत कांद्याची बोली तशीच चढते. इथे ते चालत नाही. जास्त बोली लावून उठवलेल्या खेळाडूला लगेच दुसऱ्या देवाकडे जावंच लागतं. तिथूनही कुणी उठवलं तरच परत एरीसकडे येता येतं. म्हणून जाणते लोक हवा असलेला देव सोडून आधी दुसऱ्याला हवा असलेल्या देवावर बसतात आणि कुणी उठवायची वाट बघतात. पण नुसता भाव चढवायला नको त्या देवावर बसाल, तर कुणीच उठवणार नाही आणि पैसे तुम्हालाच भरावे लागतील.

दुसरी चूक: सगळं सोनं बोलीतच घालवणं. हातात 6 नाणी आणि एरीसवर 5 लावले, तर उरलं एक. एरीसकडे पहिली तुकडी फुकट, पुढच्या 2, 3, 4 नाण्यांना. सैन्य हलवायला दर वेळी एक नाणं. म्हणजे एवढी मोठी बोली लावून तुम्ही एक तुकडी घेणार आणि एकदा सैन्य सरकवणार. अरे भिया, यापेक्षा अपोलोकडे बसायचं! तिथे बोलीच नाही, उलट एक नाणं मिळतं. तुमच्याकडे एकच बेट उरलं असेल तर चार.

नवे खेळाडू झ्यूसला कंटाळवाणा ठरवतात. त्याचा प्रत्येक पुजारी पुढच्या प्रत्येक बोलीत एक नाणं वाचवतो. किमान एक नाणं मात्र भरावंच लागतं. पुजारी कितीही असोत, फुकटात देव मिळत नाही.

जहाजांचं गणित थोडक्यात: एरीस सैन्य हलवतो, जहाजं नाही. बेटापासून बेटापर्यंत तुमच्या जहाजांची सलग रांग असेल तरच सैन्य पलीकडे जातं, आणि जहाजं हलवायला समुद्राचा देव पोसायडन लागतो. तेव्हा रांग आधी लावून ठेवा. समोरच्याचं शेवटचं बेट मात्र घेता येत नाही. ते घेऊन तुम्ही जिंकत असाल तरच मुभा.

महानगरासाठी बंदर, किल्ला, विद्यापीठ आणि मंदिर लागतं. चारही एकाच बेटावर हवीत हा गैरसमज इतका पक्का असतो, की लोक उगाच फेऱ्या वाया घालवतात. वेगवेगळ्या बेटांवरची चालतात. अथीना देवीकडून मिळणारे चार तत्त्वज्ञ जमवूनही महानगर मिळतं.

दुसरं महानगर बसलं की टाळ्या पिटून डाव गुंडाळू नका. जिंकणं फेरीच्या शेवटी ठरतं. तुमच्यानंतर एरीसची पाळी असेल, तर तेच महानगर सैन्य पाठवून हिसकावलं जाऊ शकतं. म्हणून देवांचा क्रम बघूनच शेवटची चाल ठरवा; त्या फेरीत उशिरा येणारा देव एखादं नाणं जास्त देऊनही परवडतो. (आणि शेवेचे तेलकट हात पत्त्यांना लावू नका, डाग जात नाहीत.)

सगळ्यात महागात पडणारी चूक अथीनाची. एखाद्याकडे एक महानगर आणि तीन तत्त्वज्ञ असतील, तर अथीना मिळताच चौथा त्याला फुकट येतो आणि दुसरं महानगर तयार. अशा वेळी त्याला तिथून कुणीतरी उठवायलाच हवं. बाकीचे ‘तू लाव, तू लाव’ करत राहिले, तर तो एका नाण्यात डाव घेऊन जातो.