जुना छोटा ट्रॅक्टर ओळखताना आणि त्याचं मॅन्युअल शोधताना या चुका टाळा

बोनेटवरचं नाव वाचून मॅन्युअल मागवणं, ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. बोनेट, बॅज आणि रंग हेच ट्रॅक्टरचे सगळ्यात सहज बदलले जाणारे भाग. पन्नास-साठ वर्षांत इंजिन बदललेलं असतं, मागचा धुरा दुसऱ्या ट्रॅक्टरचा असतो, दोन भंगारांतून एक चालू यंत्र उभं केलेलं असतं. म्हणून ओळख पटवताना सुरुवात लोखंडापासून करा. पत्र्याकडे शेवटी बघा.

फोर्ड ९एन (१९३९ ते १९४२) आणि फर्ग्युसन टीई२० (१९४६ ते १९५६) हे दोन ट्रॅक्टर दुरून भावंडं वाटतात. दोन्ही करडे, दोन्हींना मागे फर्ग्युसन पद्धतीचं तीन पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार जोडायची तीन टोकांची जोडणी. पण फोर्डचं इंजिन फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बाजूला बसवलेले. टीई२०चं ओव्हरहेड व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर टॅपेट कव्हर दिसणार. फोर्डची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम, १-२-४-३, फर्ग्युसनची १-३-४-२. एकाचं मॅन्युअल वापरून दुसऱ्याच्या प्लगच्या वायरी लावल्या, तर २ आणि ३ नंबरच्या सिलिंडरची ठिणगी उलटसुलट होते. इंजिन कार्ब्युरेटरमधून फटके मारतं आणि माणूस विनाकारण टायमिंग उघडायला घेतो.

फोर्डच्या एन मालिकेतही गोंधळ होतोच. ९एन, २एन (१९४२ ते १९४७) आणि ८एन (१९४७ ते १९५२) असे हे तीन. २एनच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबरही ‘९एन’नेच सुरू होतो, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नका. गिअर मोजा: पुढचे तीन असतील तर ९एन किंवा २एन, चार असतील तर ८एन. ब्रेकचे पेडल बघा: दोन्ही बाजूंना एकेक असेल तर आधीचे, दोन्ही उजवीकडे असतील तर ८एन. मागच्या चाकाचे नट मोजले की खात्री होते: आधीच्या दोघांना सहा, ८एनला आठ. तीनपैकी एक खूण वेगळं सांगत असेल, तर तो भाग दुसऱ्या ट्रॅक्टरवरून आलेला आहे.

८एन ठरला म्हणजे काम संपलं असंही नाही. सिरियल नंबर २६३८४४ पासून डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) इंजिनाच्या पुढून काढून बाजूला नेला. पुढच्या डिस्ट्रिब्युटरचा पॉइंट गॅप, म्हणजे आतले संपर्क बिंदू उघडल्यावर पडणारी फट, ०.०१५ इंच (सुमारे ०.३८ मिमी), बाजूच्याचा ०.०२५ इंच (सुमारे ०.६४ मिमी). मॉडेल एकच, तरी आकड्यांत एवढा फरक. चुकीचा गॅप ठेवला की इग्निशनचं टायमिंग सरकतं, स्टार्टिंग जड होतं, आणि दोष कॉइलवर जातो. बदली ब्लॉक बसवलेला असेल तर नंबर नसतोही. तेव्हा नंबरावर अडून न बसता समोर कोणता डिस्ट्रिब्युटर आहे ते बघा आणि त्याचंच पान उघडा.

अक्षरांचा अर्थ अंदाजाने लावणं ही यापेक्षाही महागाची चूक. टीईडी२० मधला ‘डी’ म्हणजे डिझेल नव्हे. तो रॉकेलसारख्या व्हेपरायझिंग ऑइलवर चालणारा ट्रॅक्टर. डिझेलचा टीईएफ२०. साध्या टीई२० मध्ये कॉन्टिनेंटल इंजिन, टीईए२० मध्ये स्टँडर्डचं पेट्रोल इंजिन. जपानी यानमारच्या मॉडेलमागचा ‘डी’ मात्र चारही चाकांना ड्राइव्ह असल्याचं सांगतो, इंधनाशी त्याचा संबंध नाही. प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळी, एकीचा नियम दुसरीला लावू नका. मॅसी फर्ग्युसन ३५ मध्ये तर अक्षरांआधी सिलिंडर मोजा. आधीच्या डिझेलमध्ये स्टँडर्डचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, नंतर पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं. हेड गॅस्केटपासून इंजेक्टरपर्यंत काहीच एकमेकांना लागत नाही.

नाव एकाचं, बांधणी दुसऱ्याची

छोट्या डिझेल ट्रॅक्टरांत ही गोष्ट सर्रास आहे. जॉन डिअर ८५० आणि ९५० यानमारने बांधले, फोर्ड १६००, १७०० आणि १९०० शिबाउराने, बोलेन्सचे जी१५२ आणि जी१७४ इसेकीने, ॲलिस-चाल्मर्स ५०२० आणि ५०३० तोयोशाने. नावाने शोधून फिल्टर किंवा पिस्टन रिंग मिळत नसेल तर इंजिनाच्या पाटीवरचा इंजिन मॉडेल नंबर घ्या आणि इंजिन बनवणाऱ्याच्या नावाने शोधा. बहुतेकदा भाग तिथे सापडतो. वायरिंग, मीटर आणि हायड्रॉलिकसाठी मात्र बॅजवाल्या कंपनीचंच मॅन्युअल धरा, कारण हे भाग विकणाऱ्याच्या मागणीप्रमाणे बदललेले असू शकतात. जपानमध्ये विकण्यासाठीच बनलेले ट्रॅक्टर पुढे बाहेर गेले, त्यांचे नंबर निर्यातीच्या मॉडेलपेक्षा वेगळे असतात. यानमार वायएम२००० साठी काही मिळत नसेल तर वायएम२४० बघा, तो त्याचाच निर्यातीतला भाऊ.

बागकामाच्या छोट्या ट्रॅक्टरांवर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन असेल, तर मॉडेल, टाइप आणि कोड हे तिन्ही आकडे टिपून घ्या. फक्त मॉडेलवर गॅस्केट मागवलं की चुकतं. कोडचे पहिले सहा आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस: ७८०५१२ म्हणजे १२ मे १९७८. कोहलर असेल तर मॉडेलसोबत स्पेसिफिकेशन नंबरही लागतो. मात्र ब्रिग्जच्या कोडमधली तारीख इंजिनाची आहे, ट्रॅक्टरची नव्हे.

नंबर वाचताना

ठोकलेल्या नंबरावर ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर चालवू नका. उथळ आकडे कायमचे जातात. रॉकेल किंवा डिझेलने चिकट थर भिजवा, प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढा, मग पितळी तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवा. कोरडं झाल्यावर खडू आडवा घासा आणि टॉर्च अगदी तिरपा धरा. आकडे उठून दिसतात. ॲल्युमिनियमच्या पाटीवर तारेचा ब्रशही नको, मऊ कापड आणि पेंट रिमूव्हर पुरे. ३ आणि ८, ५ आणि एस, ० आणि ओ यांत शंका आली तर दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

कास्टिंगवर उठावात ओतलेला नंबर हा पार्ट नंबर समजू नका. तो साच्याचा नंबर, त्याने सुटा भाग मिळेलच असं नाही. कास्टिंगची तारीख मात्र फार कामाची. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ओतीव भागांवर महिना, दिवस आणि वर्षाचं अक्षर असं सांकेतिक रूप असतं. तीन-चार मोठ्या कास्टिंगच्या तारखा जुळल्या तर ट्रॅक्टर मूळचा. एखादी तारीख दोन वर्षं पुढची निघाली तर तो भाग नंतर आलेला.

कोणतं मॅन्युअल?

ऑपरेटर मॅन्युअलमध्ये ग्रीसिंग, तेल आणि चालवणं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये उघडणं, मापं, टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा ते). पार्ट्स कॅटलॉगमध्ये सुट्या भागांची उलगडलेली चित्रं. एकच घेता येणार असेल तर आमच्या मते आधी पार्ट्स कॅटलॉग घ्या. कोणता वॉशर कुठे येतो ते त्यातून कळतं, आणि ‘अमुक सिरियल नंबरपर्यंत’, ‘अमुकनंतर’ अशा नोंदींवरून तुमचा ट्रॅक्टर कोणत्या टप्प्यातला ते ठरतं. ऑपरेटर मॅन्युअल हाती धरून गिअरबॉक्स उघडू नका, त्यात शिमची (फट भरायच्या पातळ चकत्यांची) मापं नसतात. स्कॅन केलेली प्रत घेताना अनुक्रमणिका आणि शेवटचं पान ताडून बघा. घडी केलेलं वायरिंगचं मोठं पान अनेकदा स्कॅनमधून सुटलेलं असतं.

एककंही तपासा. ब्रिटिश मॅन्युअलमधला गॅलन ४.५५ लिटरचा, अमेरिकी ३.७९ लिटरचा. ८एनमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिकचं तेल एकच आहे, ५ अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर. ब्रिटिश गॅलन समजून ओतलं तर जवळपास ४ लिटर जास्त जातं. जुन्या जपानी मॅन्युअलमध्ये टॉर्क केजीएफ-मीटरमध्ये असतो. तो आकडा न्यूटन-मीटर समजून आवळला तर बोल्ट जेमतेम दहाव्या हिश्श्याने बसतो.

विजेचा भाग हात लावण्याआधी बघून घ्या. मूळ ८एन ६ व्होल्टचा, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेलं. मधल्या कोणी १२ व्होल्ट आणि अल्टरनेटर बसवला असेल तर मूळ वायरिंगचं चित्र तिथे लागू नाही. जुन्या चित्राप्रमाणे बॅटरी उलटी जोडली की अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. ६ व्होल्टची कॉइल रेझिस्टरशिवाय १२ वर चालली तर ती तापते आणि पॉइंट जळतात.

टीईए२०च्या स्टँडर्ड इंजिनात आधी ८० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) होता, पुढे ८५ मिमी झाला. हेड उघडलेलं असेल तेव्हाच बोअर मोजा आणि मॅन्युअलच्या आतल्या पानावर ट्रॅक्टरच्या नंबराशेजारी लिहून ठेवा. पिस्टन आणि स्लीव्हचा संच त्या मापाने मागवा, पाटीवरच्या वर्षावरून नको.