नोकरी सोडून एम.टेक.ला जाताय? या चुका टाळा

मार्चमध्ये गेटचा, म्हणजे एम.टेक. प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, निकाल लागला की मला फोन यायला लागतात. चाकण, हिंजवडी, बुटीबोरी, अंबड अशा ठिकाणी दोन-चार वर्षं नोकरी केलेली मुलं-मुली. 'सर, आता जाऊ का?' एवढंच विचारायचं असतं. मी पदव्युत्तर वर्गाला शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला आवडतो. पण बऱ्याचदा तो राजीनामा देऊन झाल्यावर येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. निकाल हातात, ऑफर नाही आणि राजीनामा मेल करून मोकळे. माझा एक माजी विद्यार्थी चाकणला क्वालिटीत होता. स्कोअर चांगला आला, त्याच आठवड्यात त्याने राजीनामा दिला. म्हणाला, "सर, नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे. आत्ताच दिला की मेअखेर मोकळा." त्याला मशीन डिझाइनच हवं होतं, तेही ठरावीक आयआयटींत. त्यातल्या एका आयआयटीत त्याने अर्जच केला नव्हता, कारण सीओएपी या आयआयटींच्या सामाईक पोर्टलवर नोंदणी केली म्हणजे सगळीकडे अर्ज गेला असं त्याला वाटलं. तसं नसतं. सीओएपीवर फक्त ऑफर दिसतात आणि स्वीकारता येतात. अर्ज प्रत्येक आयआयटीच्या संकेतस्थळावर वेगळा भरावा लागतो.

पुढे त्याला थर्मल या दुसऱ्या विषयाची ऑफर आली. 'रिटेन अँड वेट' करून ती धरून ठेवता आली असती. त्याने 'रिजेक्ट अँड वेट' केलं. नाकारलेली ऑफर परत येत नाही. एनआयटींसाठी सीसीएमटीचा, म्हणजे त्यांच्या सामाईक प्रवेशफेरीचा, अर्ज त्याने भरलाच नव्हता. ऑगस्टमध्ये जागा नाही, पगार नाही आणि घराचा हप्ता चालू. गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो म्हणून पुढच्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला, पण मधलं वर्ष घरच्यांनी फार जड काढलं.

म्हणून मी सगळ्यांना जानेवारीतच नेमणूकपत्र काढून वाचायला सांगतो. नोटीस किती, पैसे भरून ती कमी करता येते का, बॉण्ड आहे का. हे एचआरकडून मेलवर लेखी घ्या. जागा पक्की झाल्यावरच राजीनामा द्या. नोटिशीचे थोडे पैसे गेले तर जाऊ द्या.

दुसरी चूक मला जास्त खटकते. साहेबाशी पटत नाही, अप्रेझल हुकलं, म्हणून एम.टेक. अशी मुलं दुसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्टचा विषय मलाच विचारतात. याउलट एक मुलगी आली होती, वेल्डेड ब्रॅकेटचं अ‍ॅनालिसिस करणारी. म्हणाली, "सर, मेश (संगणकावर भागाचे पाडलेले तुकडे) बारीक केला की आतल्या कोपऱ्यातला स्ट्रेस वाढतच जातो, कुठे थांबतच नाही. मग रिपोर्टमध्ये खरा आकडा कोणता लिहायचा? आमच्याकडे कुणालाच सांगता येत नाही." मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, तुझी वेळ झाली आहे. रोजच्या कामात कुठे अडतंय हे ज्याला इतक्या नेमकेपणाने सांगता येतं, त्याने जावं. मग वय तेवीस असो की चौतीस.

ज्याला अजून सांगता येत नाही, त्याला मी एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) १२ आठवड्यांचा एक कोर्स नोकरी सांभाळून करायला लावतो. दर आठवड्याची असाइनमेंट भरायची आणि शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. नुसते व्हिडिओ दीडपट वेगाने बघून 'झाला कोर्स' म्हणणारे मला चालत नाहीत. चौथ्या आठवड्यात कंटाळा आला, तर दोन वर्षांचं काय होणार हे तिथेच कळतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. नोकरीला पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील, तर ग्रॅच्युइटीचा (पाच वर्षं झाल्यावर मिळणाऱ्या रकमेचा) हिशेब आधी करा. वर्षाला १५ दिवसांचा पगार या दराने पाच वर्षांची रक्कम होते, आणि स्कोअर शिल्लक असेल तर पुढच्या वर्षीही जाता येतं.

गेटवर प्रवेश घेणाऱ्यांना महिना १२,४०० रुपये मिळतात, ते घरखर्चात धरू नका. त्यात मेस आणि किरकोळ खर्च निघतो, हप्ता निघत नाही. शिवाय आयआयटीत त्या बदल्यात आठवड्याला ८ तास टीएचं, म्हणजे शिकवण्यात मदतीचं, काम असतं. कंपनी स्पॉन्सर करत असेल तर ही रक्कम मिळत नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

आयआयटी, एनआयटीसाठी ओबीसी नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा असावा लागतो. राज्याच्या नमुन्यातला जुना दाखला घेऊन दरवर्षी कुणीतरी अडकतंच. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सेतू कार्यालयात अर्ज द्या, आणि त्याच फेरीत जुन्या कॉलेजातून ट्रान्सक्रिप्टही मागवून ठेवा.