पडलेल्या झाडातून सरपण निवडताना

पावसाळ्यात मुंबईत उन्मळून पडलेल्या झाडाचे लाकूड सरपणासाठी मिळत असेल, तर करवत उचलण्यापूर्वी झाड ओळखावे. उभे झाड, मग ते स्वतःच्या आवारातले का असेना, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही.

आधी पान पाहावे. चिंच आणि गुलमोहर यांची पाने लांबून सारखीच बारीक दिसतात. परंतु चिंचेच्या पर्णिका एकाच दांड्यावर समोरासमोर जोडीने बसलेल्या असतात, तर गुलमोहराचा दांडा पुन्हा उपदांड्यांत विभागलेला असतो. फांदीला हातभर लांब, चपटी, टणक शेंग लटकत असेल तर तो गुलमोहरच, आणि त्याचे हलके लाकूड भरभर जळून संपते. चिंचेच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बाहेर फिकट पिवळसर लाकूड आणि जुन्या खोडात मधोमध जांभळट तपकिरी गाभा दिसतो. हे लाकूड फोडताना दमछाक होते, पण निखारा बराच वेळ टिकतो.

काळपट, उभ्या भेगांची साल, जोडीने येणारे पांढरट काटे आणि मण्यांच्या माळेसारखी शेंग असेल तर ती बाभूळ. ती मिळाल्यास सोडू नये. मात्र काटे थेट खोडावर असतील, तर सावर किंवा पांगारा असण्याचा संभव मोठा. वनस्पतिशास्त्र मऊ, हलक्या लाकडाच्या सावरीलाही ‘कठीण लाकूड’ म्हणजे रुंद पानांच्या झाडांच्या गटातच बसवते, पण चुलीला त्याचा काय उपयोग!

वजनावरून निवड करायची असल्यास सुके तुकडेच तोलावेत, कारण ओले लाकूड फसवते. कण्हेर विषारी असल्याने तिची काडीसुद्धा चुलीत घालू नये.